इंग्लंडमध्ये खासगी पार्किंगची नोटीस आली तर: पहिल्या पाकिटापासून कोर्टाच्या कागदापर्यंत

रेडिंगला राहायला येऊन आम्हाला दोन महिने झाले होते. एका शनिवारी दाराच्या फटीतून पाकीट आत पडलं. आत माझ्या गाडीचे वेळेसकट दोन फोटो आणि १०० पौंडांची मागणी. चौदा दिवसांत भरले तर ६०. आरोप असा की दोन तासांची मर्यादा असलेल्या पार्किंगमध्ये गाडी सहा तास उभी होती. बायकोने विचारलं, "आपण तिथे सहा तास होतो का?" नव्हतो. सकाळी पडदे घ्यायला वीस मिनिटं गेलो होतो आणि दुपारनंतर पडद्यांचा दांडा बदलून घ्यायला पुन्हा गेलो होतो. कॅमेऱ्याने सकाळी आत येणं आणि नंतरचं बाहेर पडणं टिपलं, मधलं बाहेर जाणं आणि परत येणं त्याच्याकडून सुटलं. दोन्ही वेळच्या पावत्या माझ्या पाकिटात होत्या. तरीही मी त्याच रात्री ६० पौंड भरून टाकले, कारण डोक्यात एकच शब्द घुमत होता: व्हिसा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकत आपण वाढलो. जिथे आजोबांनी लावलेल्या दाव्याचा निकाल नातू ऐकतो, तिथे तो सल्ला खराच आहे. इथली छोट्या दाव्यांची व्यवस्था वेगळी आहे, आणि तो सल्ला इथे पाळला की चूक नसताना पैसे जातात. पुढे दुसरी नोटीस आली तेव्हा मी लढलो. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे कागद घेऊन बसलो. त्यात दोन प्रकारची माणसं भेटली. एक माझ्यासारखी, घाबरून लगेच पैसे भरणारी. दुसरी, कुणीतरी "काही होत नाही, फेकून दे" म्हटलं म्हणून प्रत्येक पाकीट न उघडता कचऱ्यात टाकणारी. जास्त नुकसान या दुसऱ्या प्रकारच्या माणसांचं झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून हा लेख. मी वकील नाही. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइसकडे जा, तिथे फुकट सल्ला मिळतो. आणि हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

व्हिसाचं आधी सांगतो, कारण ती भीती गेल्याशिवाय पुढचं डोक्यात शिरत नाही. खासगी कंपनीची पार्किंग नोटीस हा गुन्हा नाही आणि सरकारी दंडही नाही. तिच्यामुळे होम ऑफिसकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या गृहखात्याकडे, कसलीही नोंद जात नाही. मात्र कायमच्या वास्तव्याच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जात एक प्रश्न असतो: पैसे न भरल्याबद्दल तुमच्याविरुद्ध कोर्टाचा निवाडा झाला आहे का? तेव्हा जपायचं ते या निवाड्यापासून. नुसत्या नोटिशीने किंवा "आमच्या वकिलांकडे देऊ" अशा धमकीने तो होत नाही. कोर्टाने पाठवलेल्या दाव्याला उत्तर दिलं नाही, तर मात्र तो एकतर्फी होऊ शकतो.

पाकीट कुणाचं आहे ते आधी बघा

इथे पार्किंगच्या नोटिशीला सगळे "पीसीएन" म्हणतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, असते ती "पेनल्टी चार्ज नोटीस". खासगी कंपनीची असते ती "पार्किंग चार्ज नोटीस". आद्याक्षरं तीच, आणि पिवळी-काळी पट्टीही मुद्दाम तशीच छापलेली असते. वर नाव कुणाचं आहे ते वाचा. स्लाव, हॅरो, मिल्टन कीन्स अशा एखाद्या काउन्सिलचं असेल, तर ती कायद्याने दिलेली दंडाची नोटीस आहे. तिला चौदा दिवसांत निम्मी सवलत असते, तिच्याविरुद्ध दाद मागायचा मार्ग वेगळा आहे, आणि या लेखातलं पुढचं काहीही तिला लावू नका. पोलिसांचं पत्र असेल, तर त्यात गाडी कोण चालवत होतं असं विचारलेलं असतं, आणि त्याचं उत्तर न देणं हाच गुन्हा ठरतो. तिथे गप्प बसू नका.

नाव कंपनीचं असेल, तर तुमच्या हातात एक बिल आहे. कायदा असं मानतो की जागेवरची पाटी म्हणजे अटी, आणि तुम्ही गाडी लावली म्हणजे त्या अटींना हो म्हणालात. अट मोडली तर पाटीवर लिहिलेली रक्कम द्यायची. म्हणजे हा कराराचा मामला झाला. आपल्याकडे पे अँड पार्कवाला पावती फाडतो, तेव्हा निदान समोर माणूस असतो आणि त्याच्याशी बोलता येतं. इथे समोर खांबावरचा कॅमेरा आणि पाटी, म्हणून पाटी काय म्हणते, किती मोठ्या अक्षरांत म्हणते आणि गाडीत बसलेल्याला ती दिसते का, यावर अर्धी लढाई असते.

"मी फक्त तासभर जास्त थांबलो, त्यांचं असं काय नुकसान झालं?" हा आपला पहिला युक्तिवाद असतो. तो सोडून द्या. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मर्यादेवर ५६ मिनिटं जास्त थांबलेल्या चालकाचा खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कोर्टाने ८५ पौंडांची आकारणी योग्य ठरवली. गाड्या लवकर हलाव्यात यात जागामालकाचं रास्त हित आहे, असं न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. याला बेव्हिस निकाल म्हणतात आणि प्रत्येक कंपनी तो तोंडावर फेकते. पण त्या निकालात एक गोष्ट वारंवार येते: तिथल्या पाट्या मोठ्या होत्या, जागोजागी होत्या आणि रक्कम ठळक लिहिलेली होती. तुमच्या जागेवर तसं नसेल, तर तो निकाल तुमच्याच बाजूने वाचता येतो. त्याच्याही आधी १९७१ मध्ये लंडनच्या शू लेन पार्किंगच्या खटल्यात अपील कोर्टाने सांगून ठेवलं आहे की करार झाल्यानंतर दाखवलेली अट बंधनकारक नसते.

टिकणारे मुद्दे साधारण हे: अंधारात किंवा झाडाआड असलेली पाटी, बंद पडलेलं मशीन, माझ्यासारख्या दोन फेऱ्या एक धरलेल्या, पैसे भरले पण गाडीच्या नंबरातलं एखादं अक्षर चुकलं, सामान उतरवायला थांबलेली गाडी, जिच्याबद्दल ऑक्सफर्डच्या कोर्टात २०१६ मध्ये अपिलात निकाल आहे की ते पार्किंगच नव्हे, घराच्या लीजमध्येच पार्किंगचा हक्क दिलेला असणं, आणि अपंगत्वामुळे जास्त वेळ लागणं, ज्याला २०१० चा समानता कायदा लागू होतो. घरमालकाशी केलेला करार आणि लीज काढून वाचा. फ्लॅटच्या आवारात स्वतःच्याच जागेवर नोटीस मिळालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या लीजमध्ये परमिटचा उल्लेखसुद्धा नव्हता.

या धंद्याच्या दोन संघटना आहेत, ब्रिटिश पार्किंग असोसिएशन आणि इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी. ऑक्टोबर २०२४ पासून दोघींची एकच आचारसंहिता आहे. तिच्यात १०० पौंडांची कमाल मर्यादा आहे, चौदा दिवसांत भरल्यास ४० टक्के सवलत आहे, आत आल्यावर पाटी वाचून ठरवायला किमान पाच मिनिटं आणि मुदत संपल्यावर बाहेर पडायला किमान दहा मिनिटं दिलेली आहेत. नंबर टाइप करताना झालेल्या चुकीसाठी नोटीस रद्द करण्याची किंवा रक्कम बरीच खाली आणण्याची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक बदल झाला. कॅमेऱ्याच्या पार्किंगमध्ये पैसे भरायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला, पण निघण्यापूर्वी भरले, तर केवळ त्या उशिरासाठी नोटीस देता येत नाही. ॲप चालेना, मशीनसमोर रांग होती, पोर रडत होतं, अशा प्रसंगांना हा बदल उपयोगी आहे.

तारखा मोजा

सगळ्यात जास्त प्रकरणं इथे फिरतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

गाडी कुणी लावली, हे कंपनीला माहीत नसतं. नंबरप्लेटवरून ती डीव्हीएलए या वाहननोंदणीच्या सरकारी खात्याकडून अडीच पौंड भरून गाडीच्या कीपरचं, म्हणजे लॉगबुकवर (आपल्याकडचं आरसी बुक) ज्याचं नाव आहे त्याचं, नाव आणि पत्ता घेते. करार मात्र चालकाने केलेला असतो. मग कीपरकडे पैसे कसे मागायचे? त्यासाठी २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्यात चौथी अनुसूची आहे. याच कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेवर गाडीला जॅमर लावणं बंद केलं, आणि त्या बदल्यात कंपन्यांना कीपरकडून वसुलीचा हक्क दिला. पण तो हक्क अटींसकट आहे आणि त्या सगळ्या पाळाव्या लागतात.

काचेवर काही लावलं नसेल आणि नोटीस थेट टपालाने आली असेल, तर ती घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांच्या आत पोहोचायला हवी. टाकायला नव्हे, पोहोचायला. टपालात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी ती पोहोचली असं कायदा धरतो. एक उदाहरण घ्या. सोमवार ३ मार्चला गाडी लावली, तर शेवटचा दिवस १७ मार्च. नोटिशीवर शुक्रवार १४ मार्च तारीख असेल, तर मधले शनिवार-रविवार वगळून ती मंगळवारी १८ मार्चला पोहोचली असं धरलं जाईल. एका दिवसाने उशीर, आणि कीपरवरची जबाबदारी गेली. काचेवर आधी नोटीस लावली असेल, तर हिशोब वेगळा: मग कीपरला पत्र २८ दिवस उलटून गेल्यावर, पण ५६ व्या दिवसाच्या आत मिळायला हवं. नोटिशीवर गाडी किती वेळ उभी होती तो कालावधी, आणि २८ दिवसांनी कीपर जबाबदार ठरेल ही सूचना आहे का, तेही बघा.

विमानतळ आणि बरीचशी रेल्वे स्टेशनं यांना स्वतःचे उपनियम असतात. तशा जागेला ही अनुसूची लागूच होत नाही. मुंबईहून आई-वडील येतात म्हणून हीथ्रोला टर्मिनलच्या दारात गाडी नेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिथे फाटक नाही, पैसे ऑनलाइन भरायचे असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत असते. आपले लोक हे विसरतात, कारण फाटक नसलं की फुकट असं आपल्याला वाटतं. आणि विसरलात, तर चालक कोण हे लिहिण्याआधी हा परिच्छेद पुन्हा वाचा.

कारण चालक कोण होतं, हे खासगी कंपनीला सांगणं तुमच्यावर कायद्याने बंधनकारक नाही. पोलिसांचं वेगळं, ते वर सांगितलं. नोटीस उशिरा आली असेल किंवा जागा विमानतळाची असेल, तर कंपनीकडे मागायला फक्त चालक उरतो, आणि तो कोण हे तिला माहीत नसतं. पण आपण पहिल्याच ईमेलमध्ये "मी माझ्या मुलाला घेऊन गेलो होतो आणि मी गाडी लावली" असं लिहून मोकळे होतो. शाळेत इंग्रजीच्या तासाला शिकलेला पॅसिव्ह व्हॉइस इथे कामाला येतो. "मी गाडी लावली" असं न लिहिता "गाडी लावली गेली" असं लिहा. वेबसाइटवर तुम्ही चालक की कीपर असं विचारतात, तिथे कीपर निवडा. मात्र गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. कोर्टातल्या कागदावर सत्यतेची सही असते. चालक तुम्ही असाल, तर तिथे नाही म्हणू नका. आणि नोटीस वेळेत, नियमात आलेली असेल, तर हा मुद्दा सोडून पाटी आणि पावतीच्या मुद्द्यांकडे वळा.

पहिल्या आठवड्यात करायचं काम

पुरावा लगेच गोळा करा, पाट्या बदलतात. जागेवर परत जा, आणि नोटीस रात्रीची असेल तर रात्री जा. प्रवेशापासून गाडी लावली तिथपर्यंत चालत फोटो काढा. ड्रायव्हरच्या सीटवरून पाटी कशी दिसते, तो फोटो सगळ्यात मोलाचा. बँकेचा व्यवहार, दुकानाची पावती, फोनमधली गूगलची टाइमलाइन, गाडीतला कॅमेरा, त्या वेळी दुसरीकडे कुणाला भेटलात त्याचा मेसेज, सगळं एका फोल्डरमध्ये टाका. पाकीटसुद्धा ठेवा, त्यावर टपालाची तारीख असते.

मग दुकानात जा. हा सगळ्यात सोपा उपाय आहे आणि आपण तो करत नाही. पार्किंग कंपनी बहुतेक वेळा सुपरमार्केटने किंवा जागामालकाने नेमलेली असते आणि ते एका शब्दात नोटीस रद्द करायला लावू शकतात. पावती घेऊन मॅनेजरला भेटा. "ते आमच्या हातात नाही" असं उत्तर आलं, तर मुख्य कार्यालयाला लिहा. हॉस्पिटलचं पार्किंग असेल तर तिथल्या रुग्ण-तक्रार विभागाला अपॉइंटमेंटच्या पत्रासकट लिहा. आवाज चढवू नका, पण सोडूही नका. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या नोटिसा इथेच संपल्या.

त्याच वेळी कंपनीकडे अपील करा, मुदत २८ दिवसांची असते. सवलतीचे चौदा दिवस उलटण्याआधी केलं तर उत्तम, बऱ्याच कंपन्या अपील फेटाळताना तीच सवलत पुन्हा देऊ करतात. पत्र लांबलचक नको. आशय एवढा पुरे: मी या गाडीचा कीपर आहे, ही मागणी मला मान्य नाही, गाडी त्या दिवशी दोनदा आली आणि गेली, सोबत दोन्ही पावत्या आहेत, नोटीस चौथ्या अनुसूचीतल्या मुदतीत मिळालेली नाही, रद्द करा, नाहीतर स्वतंत्र अपिलाचा क्रमांक द्या. विनवणी करू नका. "आम्ही या देशात नवीन आहोत, या वेळी माफ करा" हे वाक्य मी अनेक पत्रांत वाचलं आहे. त्याने कुणाचंही भलं झालेलं पाहिलं नाही, उलट त्यात चूक कबूल होते.

कंपनी बहुधा नाही म्हणते. मग स्वतंत्र अपील: ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सभासद कंपनीविरुद्ध पॉप्ला नावाच्या सेवेकडे, इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीच्या सभासद कंपनीविरुद्ध इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिसकडे. पॉप्लाला फी नाही, २८ दिवसांत जायचं असतं, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. हरलात तरी पैसे भरायची सक्ती होत नाही, फक्त सवलत जाते. तिथे सगळे मुद्दे एकदम मांडावे लागतात, त्यात हाही टाका: या जागेवर नोटिसा देण्याचा अधिकार दाखवणारा जागामालकाशी केलेला करार दाखवा. दुसऱ्या सेवेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ती त्याच संघटनेची आहे आणि ओळखीतलं कुणी तिथे जिंकल्याचं मला आठवत नाही. तरी पुरावा पक्का असेल तर जरूर जा.

अपिलाच्या वाटेला लागण्याआधी प्रामाणिकपणे स्वतःला विचारा: पाटी दिसत होती का, नोटीस वेळेत आली का, आणि मर्यादा खरोखर मोडली का? तिन्हीची उत्तरं हो असतील, तर चौदा दिवसांत ६० पौंड भरून विषय संपवा.

लाल अक्षरांची पत्रं

आता वसुली कंपन्यांची पत्रं सुरू होतील. १०० चे १७० झालेले असतील, वर वसुलीचा खर्च म्हणून ७० चढवलेले. "अंतिम सूचना", मग पुन्हा "अंतिम सूचना". पत्रात जप्ती, क्रेडिट रेकॉर्ड, कामाचं ठिकाण असे शब्द पेरलेले असतात. घाबरू नका. हे लोक बेलीफ नव्हेत. घरी येऊन वस्तू नेण्याचा त्यांना काहीही अधिकार नाही. बेलीफ येतो तो कोर्टाचा निवाडा होऊन, तो न भरल्यावरच. या पत्रांना उत्तर देऊ नका, फोन तर मुळीच करू नका. मात्र प्रत्येक पत्र उघडा, वाचा आणि तारखेने लावून ठेवा. दावा करायला त्यांना सहा वर्षं असतात.

वाचायचं ते एका शब्दासाठी: "लेटर बिफोर क्लेम" किंवा "लेटर ऑफ क्लेम". हे पत्र वेगळं असतं. सोबत उत्तराचा फॉर्म आणि ३० दिवसांची मुदत असते. याला उत्तर द्याच. कर्ज मान्य नाही असं लिहा, नोटिशीची प्रत, फोटो, पाट्यांचे नकाशे आणि जागामालकाचा करार मागा, आणि स्वतःचा सध्याचा पत्ता ठळक लिहा. याच वेळी कंपनीकडे तुमच्याबद्दलची सगळी माहिती मागण्याचा हक्क वापरा, त्याला "सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट" म्हणतात. ती फुकट आहे आणि महिनाभरात उत्तर द्यावं लागतं. माझ्या दुसऱ्या प्रकरणात असं मागवलेल्या फोटोंतली पाटी तीन वर्षं जुनी निघाली.

कोर्टाचा कागद

नॉर्थॅम्प्टनच्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरचा शिक्का असलेला दाव्याचा फॉर्म आला, की मात्र सगळी कामं बाजूला ठेवा. आपल्याकडच्या समन्ससारखा हा कागद. वर उजवीकडे "इश्यू डेट" असते, तिच्यावर पेनने गोल करा.

त्या तारखेत पाच दिवस मिळवा, त्या दिवशी दावा तुम्हाला मिळाला असं धरतात. तिथून चौदा दिवसांत दावा मिळाल्याची पोच द्यायची. पोच दिली की कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला एकूण २८ दिवस मिळतात. समजा इश्यू डेट १० जून. बजावणी १५ जून, पोच २९ जूनपर्यंत, कैफियत १३ जुलैपर्यंत. शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पोच ऑनलाइन देता येते, पासवर्ड फॉर्मवरच असतो. त्यात "संपूर्ण दाव्याला विरोध" निवडा, आणि कैफियतीच्या चौकटीत काहीही टाइप न करता बाहेर पडा. बरेच जण तिथेच घाईत दोन ओळी लिहितात आणि ती त्यांची कैफियत ठरते.

कैफियत म्हणजे मुद्द्यांना क्रमाने दिलेलं उत्तर. काय मान्य, काय अमान्य, आणि का. भावना नको, पुरावाही आत्ता जोडायचा नसतो. दाव्याचा मजकूर नीट वाचा. बऱ्याचदा त्यात "पार्किंगच्या अटींचा भंग" एवढंच असतं, कुठली अट कशी मोडली याचा पत्ताच नसतो. २०२३ मध्ये ल्यूटनच्या काउंटी कोर्टात अपिलात अशाच मोघम मजकुराचा दावा फेटाळला गेला, तेव्हा हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घ्या. वरचे ७० पौंडही वेगळे नाकारा.

यानंतर एक प्रश्नावली येते, तुमच्या घराजवळचं कोर्ट त्यात मागता येतं. मग मध्यस्थी. मे २०२४ पासून छोट्या दाव्यांत ती सक्तीची आहे: तासाभराची फोनची वेळ, फुकट. मध्यस्थ दोन्ही बाजूंशी वेगवेगळा बोलतो आणि निकाल देत नाही. हजर राहणं सक्तीचं, तडजोड करणं नाही. "माझं काही देणं लागत नाही" असं शांतपणे सांगून फोन ठेवता येतो. पण फोन उचलाच.

सुनावणीची तारीख पडते, आणि त्याआधी कंपनीला सुनावणीची फी भरायची असते. माझं प्रकरण इथेच संपलं. फी भरायच्या आठवड्यात दावा मागे घेतल्याची सूचना आली. असं पुष्कळदा होतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका. साक्षीचं निवेदन आणि फोटो आदेशात दिलेल्या तारखेपर्यंत, बहुधा सुनावणीच्या चौदा दिवस आधी, कोर्टाला आणि कंपनीला दोघांनाही पाठवा.

सुनावणी एका साध्या खोलीत होते. टेबलाच्या एका बाजूला जिल्हा न्यायाधीश, विग नाही, कठडा नाही. त्यांना "जज" म्हणायचं. इंग्रजीत बोलायची धास्ती असेल, तर छोट्या दाव्यात वकील नसलेला माणूसही तुमच्या वतीने बोलू शकतो, फक्त तुम्ही स्वतः हजर पाहिजे. माझ्या एका शेजारीण काकूंसाठी त्यांच्या भाच्याने बाजू मांडली. काकूंनी दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि पंचवीस मिनिटांत निकाल लागला, त्यांच्या बाजूने. हरलात तर मूळ रक्कम, कोर्टाची फी, व्याज आणि वकिलाचे ठरलेले ५० पौंड, असे एका नोटिशीचे साधारण सव्वादोनशे ते तीनशे पौंड होतात. त्यांच्या वकिलाचा पूर्ण खर्च तुमच्यावर पडत नाही, तुम्ही अगदी अवाजवी वागला नसाल तर. ठरलेल्या मुदतीत भरा. निवाड्यापासून महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली की निवाड्यांच्या नोंदवहीत त्याचा मागमूस राहत नाही. नाही भरली तर सहा वर्षं राहतो.

जुना पत्ता

आपल्या लोकांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. पहिली दोन-तीन वर्षं आपण सारखी घरं बदलतो. हाउन्स्लोची खोली, मग स्लावचा फ्लॅट, मग शाळेसाठी आणखी कुठे. गाडीच्या लॉगबुकवर पत्ता मात्र पहिल्या खोलीचाच. नोटीस तिथे जाते, वसुलीची पत्रं तिथे जातात, शेवटी दावाही तिथेच जातो. उत्तर येत नाही म्हणून कोर्ट कंपनीच्या बाजूने एकतर्फी निवाडा देतं. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाला हे कळलं ते घराचं कर्ज नाकारलं गेलं तेव्हा.

असं झालं असेल तर ज्या दिवशी कळलं त्याच आठवड्यात हाला. निवाडा रद्द करण्याच्या अर्जाला एन २४४ म्हणतात. फी तीनशे पौंडांच्या वर आहे. उत्पन्न कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. त्यात दोन गोष्टी दाखवायच्या: दावा तुम्हाला मिळालाच नव्हता, त्या काळात तुम्ही दुसरीकडे राहत होता याचा काउन्सिल टॅक्सचा किंवा भाडेकराराचा पुरावा, आणि मूळ दाव्याला तुमच्याकडे खरा बचाव आहे. कळूनही दोन महिने थांबलात, तर तो उशीरच तुमच्याविरुद्ध जातो. कंपनीलाही लिहून बघा. ती संमतीने निवाडा रद्द करायला तयार झाली तर खर्च बराच कमी होतो.

घर बदललं असेल तर लॉगबुकचा पत्ता आजच बदला. डीव्हीएलएच्या वेबसाइटवर फुकट होतं, लॉगबुकवरचा अकरा आकडी क्रमांक लागतो. न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, तो वेगळाच. ज्या कंपनीशी वाद चालू आहे तिलाही नवा पत्ता लेखी कळवा आणि जुना काढून टाकायला सांगा. ड्रायव्हिंग लायसन्सचा पत्ता बदलला म्हणजे लॉगबुकचा आपोआप बदलत नाही, दोन्ही वेगवेगळे बदलावे लागतात.